‘माझ्या हातून झालं’

मराठीत एकच गुन्हा कबूल करायच्या तीन तऱ्हा आहेत. ‘मी मारलं.’ ‘माझ्या हातून झालं.’ ‘त्यानं माझ्याकडून करवून घेतलं.’ पहिल्या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. दुसऱ्यात तो स्वतःच्याच हातामागे दडलाय. तिसऱ्यात त्यानं कर्तेपण दुसऱ्याच्या पदरात टाकलंय आणि आपण अवजार होऊन बसलाय. शाळेत प्रयोजक क्रियापदं घोकताना कुणी सांगितलं नव्हतं, की ‘करणे’ आणि ‘करवणे’ यांच्यामधल्या एका ‘व’वर माणसं फासावर जातात किंवा सुटतात.

कोर्टातली थरारनाटकं आणि वेबमालिका या ‘व’वरच जगतात. साचा ठरलेला. पिंजऱ्यात विशीतली पोर, नजर शून्यात. खून तिनंच केलाय यात वाद नाही, सुरीवर तिचेच ठसे आहेत. मग बचावाचा वकील उठतो आणि हळूहळू एक सभ्य, मृदू बोलणारा माणूस उजेडात येतो. कुणी समुपदेशक, कुणी गुरुजी, कुणी प्रियकर. त्यानं महिनोन्‌महिने तिची झोप मोडलीय, मैत्रिणी तोडल्यात, तिच्या आठवणींवर तिचाच भरवसा उरू दिलेला नाही. शेवटच्या प्रवेशात उलटतपासणीतल्या एका प्रश्नावर हा सभ्य माणूस उसळतो, मुखवटा गळतो, न्यायाधीश चष्मा काढतात. पोर सुटते. मी हे सगळं चवीनं बघते, मध्येच कुणी चहा विचारला तर चिडते. पण यातल्या हिशेबात एक खोट आहे, आणि ती आता नाटकापुरती राहिलेली नाही. मोठा गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशी ‘ब्रेनवॉश केलं होतं हो त्याला’ हे वाक्य टपरीवर निकालपत्रासारखं फिरतं.

खोट अशी, की दोष म्हणजे जणू एकच भाकरी. करवणाऱ्याच्या ताटात मोठा तुकडा वाढला की करणाऱ्याच्या ताटात कमी उरणार. पण करवणारा पुरता दोषी आणि करणाराही पुरता दोषी, असं होऊ शकतं. बहुतेक वेळा होतंही. एकानं दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतला होता, ही गोष्ट खरी असली तर तिची जागा शिक्षा ठरवण्यात आहे, ‘दोषी की निर्दोष’ या प्रश्नात नाही. मला एवढंच म्हणायचंय, पण ते म्हणायला बराच फेरा मारावा लागणार आहे.

आधी कायदा, कारण तो या बाबतीत नाटककारांपेक्षा जास्त कल्पक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अपप्रेरणेच्या, म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्याला चिथावण्याच्या, कलम १०८ ला जोडलेली उदाहरणं छोट्या गोष्टींसारखी वाचता येतात. ‘अ’ला एक घर जाळायचंय. तो ‘ब’ला चिथावतो. ‘ब’चं मन इतकं विकल झालंय की आपण काय करतोय हे त्याला उमगत नाही. ‘ब’ घर पेटवतो. ‘ब’चा गुन्हा नाही, ‘अ’ला मात्र घर जाळण्याचीच शिक्षा. दुसरीकडे ‘अ’ सात वर्षांखालच्या लेकराकडून कुणाचा तरी जीव घेववतो आणि त्या वेळी तिथे हजरही नसतो. तरी ‘अ’ खुनाच्या शिक्षेला पात्र. आणखी एका गोष्टीत ‘अ’ ‘ब’ला पटवतो की ती वस्तू माझीच आहे, जा, घेऊन ये. ‘ब’ भाबडेपणानं आणतो. चोर ‘ब’ नाही, पण ‘अ’ अडकला. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे सगळं कलम ४६ म्हणून जवळपास जसंच्या तसं आहे. वर कलम ९५ मध्ये मुलांना गुन्ह्याला जुंपणाऱ्याला तीन ते दहा वर्षं ठेवली आहेत, आणि मुलानं तो गुन्हा केलाच तर जुंपणाऱ्यानं स्वतः केल्यासारखी त्याचीही शिक्षा.

या गोष्टींत एक बारीक मेख आहे. ‘ब’ सुटतो तो ‘अ’नं करवलं म्हणून नाही. लहान वय, विकल मन, वस्तुस्थितीचा खरा गैरसमज, असं स्वतःचं कारण ‘ब’कडे आहे म्हणून तो सुटतो. ‘अ’ जन्मालाच आला नसता तरी ती कारणं ‘ब’ला उपयोगी पडली असती. नुसतं ‘त्यानं मला वळवलं’ हे कारण त्या यादीत नाही. उलट जुनं कलम ९४, म्हणजे आताचं कलम ३२, सांगतं की ‘आत्ताच्या आत्ता ठार मारीन’ या धमकीखाली केलेली बहुतेक कृत्यं माफ आहेत, पण खून नाही. आता हे निष्ठुर आहे, मान्य. कपाळावर पिस्तूल टेकलेल्या माणसानं हुतात्मा व्हावं अशी अपेक्षा कायद्यानं करावी का, यावर भांडता येईल. पण पिस्तुलाला न मिळणारी माफी कानात घातलेल्या गोड शब्दांना द्यायची असेल, तर ती का, हे सांगायची जबाबदारी मागणाऱ्यावर येते.

त्यावर नेहमीचं उत्तर असं येतं, की पिस्तूल दिसतं तरी. मनावरचा ताबा दिसत नाही, म्हणून तो जास्त भयंकर. या उत्तरात तथ्य आहे. फक्त जे दिसत नाही ते सिद्ध कसं करायचं, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, आणि तिथे मला दरवेळी कोपनहेगनचा खटला आठवतो.

२९ मार्च १९५१. पाले हार्डरुप नावाचा माणूस कोपनहेगनच्या एका बँकेत शिरला, पैसे मागितले, बँकेच्या दोघांना गोळ्या घालून ठार केलं आणि सायकलवरून पळाला. लगेच पकडलाही गेला. सुरुवातीला म्हणाला, सगळं मी एकट्यानं केलं. मग तुरुंगातल्या जुन्या सोबत्याचं नाव पुढे आलं. ब्यॉर्न निल्सन. महायुद्धात जर्मनांची साथ दिल्याबद्दल दोघंही तुरुंगात गेलेले, आणि तिथेच त्यांची गाठ पडलेली. हार्डरुपचं म्हणणं असं, की निल्सननं कोठडीत वर्षानुवर्षं त्याच्यावर संमोहनाचे प्रयोग केले, एक संरक्षक आत्मा आपल्यामार्फत बोलतो असं त्याच्या मनावर बिंबवलं, आणि नव्या स्कँडिनेव्हियाच्या थोर कार्यासाठी पैसे हवेत म्हणून त्याला बँकेत पाठवलं. पॉल रायटर या मनोविकारतज्ज्ञानं हार्डरुपबरोबर दीर्घकाळ काम करून हे चित्र कोर्टापुढे मांडलं. १९५४ मध्ये निकाल लागला. गोळी न झाडलेल्या, बँकेत न गेलेल्या निल्सनला जन्मठेप. गोळ्या झाडणाऱ्या हार्डरुपची रवानगी मनोरुग्णांच्या संस्थेत.

कुणी नाटक लिहायला बसलं तर याहून चांगला तिसरा अंक लिहू शकणार नाही. निल्सन युरोपच्या मानवी हक्क आयोगापर्यंत गेला. आयोगानं खटला अन्याय्य झाला असं म्हटलं नाही. मग कितीतरी वर्षांनी, दोघंही सुटल्यावर, हार्डरुपनं सांगितलं की ती संमोहनाची गोष्ट खरी नव्हती.

आता यातलं कोणतं विधान खरं धरायचं? पहिलं, ‘मी एकट्यानं केलं’? की मधलं, ज्यामुळे तो जन्मठेपेतून वाचला? की शेवटचं, जे बोलण्यात गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं? मला हा खटला हार्डरुप खोटारडा होता म्हणून आठवत नाही. तो अर्धा खराही असेल. निल्सनचा त्याच्यावर पगडा होता हे नाकारण्याचं कारण नाही. मला आठवतं ते एवढंच, की मनावरच्या ताब्याचा मुख्य साक्षीदार हा नेहमी ज्याचं मन ताब्यात होतं तोच असतो, आणि त्या साक्षीचा सगळ्यात मोठा लाभार्थीही तोच. नाटकात तो अश्रू ढाळतो आणि आपण विश्वास ठेवतो. कोर्टानं नेमकं तिथेच हात आखडता घ्यायला हवा.

आपल्याकडे हा हात आखडता घेण्याला नाव आहे. माफीच्या साक्षीदाराचं, म्हणजे स्वतः गुन्ह्यात सामील असून माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध बोलणाऱ्याचं, म्हणणं दुसऱ्या स्वतंत्र पुराव्यानं बळकट झाल्याशिवाय त्यावर विसंबू नये, हा आपल्या न्यायालयांचा जुना शहाणपणा. जुन्या पुरावा कायद्याचं एक कलम अशा बळकटीशिवायची दोषसिद्धीही बेकायदा नाही असं म्हणत होतं, दुसरं कलम अशा साक्षीकडे संशयानं बघा म्हणत होतं, आणि वकिलांच्या पिढ्या या दोन कलमांत पूल बांधत आल्या. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानं कलम १३८ मध्ये ‘पुष्टी मिळालेली’ साक्ष असा शब्दच घालून तो पूल अधिकृत केला.

हा शहाणपणा किती महाग पडतो, हे मानवतनं बघितलंय. परभणी जिल्ह्यातलं हे गाव. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत तिथे लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून पडले. मुंबई गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. सरकार पक्षाची कहाणी अंगावर काटा आणणारी: वाड्यातल्या पिंपळावरचा मुंजा, त्याखालचं गुप्तधन, मूल होण्याची आस, आणि हे सगळं मिळवायला मांत्रिकानं सांगितलेले बळी. अलीकडे यावर वेबमालिका आली तेव्हा नव्या पिढीला हे कळलं. माझ्या आईच्या पिढीला मात्र ‘मानवत’ म्हटलं की आजही दारं लावून घ्यावीशी वाटतात. सरकार पक्षाच्या मते कटाच्या मुळाशी असलेल्या दोघांना सत्र न्यायालयानं दोषी धरलं. उच्च न्यायालयानं त्यांना सोडलं आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका कायम ठेवली. माफीच्या साक्षीदारांचं म्हणणं त्या दोघांपर्यंत नेऊन जोडणारा स्वतंत्र दुवा नव्हता, हा कळीचा मुद्दा. प्रत्यक्ष खून करणाऱ्यांपैकी काहींची दोषसिद्धी मात्र टिकली.

‘करणारे अडकले आणि करवणारे सुटले’ असा याचा सारांश गावोगाव सांगितला जातो. मला तो सारांश मान्य नाही, कारण कायद्याच्या दृष्टीनं ते करवणारे होते हेच सिद्ध झालं नाही. आणि समजा त्या साक्षीदारांच्या नुसत्या शब्दावर त्यांना फासावर दिलं असतं, तर उद्या कुठल्याही खुन्याला ‘मला अमक्या पाटलानं सांगितलं’ म्हणून गावातला नको असलेला माणूस अडकवता आला असता. कोपनहेगनला ज्या पुराव्यावर जन्मठेप झाली, तसल्या पुराव्यावर आपल्याकडे सुटका होते. या दोहोंतून निवडायचं तर मी आपली चिकट, कंजूष पद्धत निवडीन, जीभ चावत का होईना.

पण ही कंजुषी परवडायची असेल, तर तपास उधळ्या हातानं व्हायला हवा. तिथे आपण मार खातो. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जवळजवळ अकरा वर्षांनी, १० मे २०२४ ला विशेष न्यायालयाचा निकाल आला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, बाकी तिघे पुराव्याअभावी निर्दोष. खुनामागचे सूत्रधार दुसरेच कुणी आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यात तपास यंत्रणा कमी पडल्या, अशा अर्थाची खंत न्यायालयानं निकालपत्रात नोंदवली. ज्या माणसाचं आयुष्यभराचं काम सांगत होतं की हातातला लिंबू बघू नका, तो हातात कुणी ठेवला ते बघा, त्याच्याच खुनात आपण हातापाशी थांबलो.

दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला, आधी अध्यादेश आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात. लोक त्याकडे अंधश्रद्धेचा कायदा म्हणून बघतात. मी त्याकडे ‘करवण्या’चा कायदा म्हणून बघते. भूत उतरवतो म्हणून मारहाण, अंगात शक्ती आहे म्हणून धाक, नरबळीला उद्युक्त करणं, हे स्वतंत्र गुन्हे झाले. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. मांत्रिकाला पकडायला आता कुणाचा खून व्हायची वाट बघावी लागत नाही. इंग्लंडनं २०१५ च्या कायद्यात घरातल्या माणसावर पद्धतशीर हुकमत गाजवणं हा वेगळा गुन्हा केला, तोही याच जातीचा. ताब्याला ठोस रूप असेल, तर त्या रूपालाच गुन्हा म्हणा. मग करणाऱ्याला वाचवण्यासाठी करवणारा शोधावा लागत नाही. तो आपल्या पायांनी पिंजऱ्यात येतो.

शिवाय आजचा बोलविता धनी पूर्वीसारखा पारावर बसून कुजबुजत नाही, तो टाइप करतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सतरा वर्षांच्या मुलीनं मित्राला आत्महत्येकडे ढकलल्याचा २०१४ मधला प्रसंग २०१७ मध्ये दोषसिद्धीपर्यंत गेला तो मोबाइलवरच्या संदेशांच्या ढिगावर. जे मानवतला साक्षीदाराच्या तोंडून काढावं लागलं, ते आता सर्व्हरवर पडलेलं असतं, मागायची बुद्धी आणि घाई असेल तर.

आता माझ्या बाजूवरचा खरा आक्षेप. पगड्याखाली वागलेला माणूस आणि थंड डोक्यानं वागलेला माणूस, दोघंही ‘पुरते दोषी’, म्हणजे दोघं सारखेच का? दहा वर्षं बुवाच्या मठात घासलेली बाई, जिनं त्याच्या सांगण्यावरून कुणाचे तरी पाय धरून ठेवले, ती आणि सुपारी घेणारा, हे एकाच मापात?

नाहीत. पण त्यांच्यातला फरक सांगायला ‘निर्दोष’ हा शब्द चुकीचा आहे. पुण्याचंच बघा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, व्यावसायिक चित्रकला शिकणारी पोरं, राजेंद्र जक्कल म्होरक्या. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला, त्याच्याकडून आधी ‘घर सोडून जातोय’ अशी चिठ्ठी लिहून घेतलेली. टोळी आजही जक्कलच्या नावानं ओळखली जाते, पण २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी चौघांना झाली. म्होरक्याचा दरारा बाकीच्यांवर नसेलच असं कोण म्हणेल? प्रत्येक टोळीत एक जक्कल असतो. प्रत्येक दंगलीत दगड भिरकावणारा हात कुणाच्या तरी भाषणानं तापलेला असतो. पगडा म्हणजे दोष पुसणारं फडकं मानलं, तर दंगलीत दोषी म्हणून उरेल फक्त माइक.

पॅटी हर्स्टच्या खटल्यात अमेरिकेच्या ज्युरीनं हे फडकं हातात घेतलं नाही. वृत्तपत्रसम्राटाची नात, फेब्रुवारी १९७४ मध्ये पळवली गेली, अडीच महिन्यांनी तिला पळवणाऱ्यांबरोबरच हातात बंदूक घेऊन बँकेत दिसली. मनोविकारतज्ज्ञांनी छळ आणि मतपरिवर्तनाबद्दल साक्षी दिल्या. १९७६ मध्ये ज्युरी म्हणाली, दोषी. पुढे सात वर्षांची शिक्षा १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी कमी केली, २००१ मध्ये क्लिंटननी माफीच दिली. निकाल कठोर, शिक्षेत सैल हात: क्रम मला बरोबर वाटतो. बोचतं ते हे, की तो सैल हात राष्ट्राध्यक्षाच्या लेखणीतून आला आणि आडनाव हर्स्ट असलेल्या मुलीपर्यंत पोचला. सामान्य माणसासाठी तो कोर्टातच मिळायला हवा.

आणि आपल्याकडे तो मिळण्याची जागा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात डॉ. चितळे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे फाशी टाळायला कारणं ठरू शकतील अशा गोष्टींची यादी मांडली आणि न्यायालयानं तिचं महत्त्व मान्य केलं. त्या यादीत स्पष्ट लिहिलंय: आरोपीनं दुसऱ्याच्या दडपणाखाली किंवा वर्चस्वाखाली कृत्य केलं का. नाटकवाले जी गोष्ट निकालाच्या क्षणी उघड करतात, तिच्यासाठी कायद्यानं निकालानंतरची खुर्ची मांडून ठेवलीय. मानवतचा १९७७ चा निवाडा वकिलांना आठवतो तोही त्यातल्या मुंज्यामुळे नाही. दोषी ठरलेल्याला शिक्षेबद्दल बोलू द्यायला हवं, आणि खालच्या कोर्टात ती संधी हुकली तर वरचं कोर्ट ती देऊ शकतं, या मुद्द्यामुळे तो निवाडा आजही पुढे केला जातो. फाशीच्या खटल्यांत आरोपीचा मानसिक अहवाल, घरची परिस्थिती, वाढ कशी झाली हे सगळं खालच्या कोर्टातच मागवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सांगितलंय.

जिल्हा न्यायालयातल्या मागच्या बाकावर बसून बघितलं, तर ती खुर्ची बहुधा रिकामी दिसते. दोषी ठरवल्यावर न्यायाधीश विचारतात, शिक्षेबाबत काही सांगायचंय? आरोपी वकिलाकडे बघतो. वकील पुढच्या तारखेची फाइल चाळत असतो. आरोपी म्हणतो, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी साहेब. लघुलेखक तेवढं टिपून घेतो. त्याच्याकडून कुणी करवून घेतलं, किती वर्षं, कसं, नाही म्हणायची त्याला कधी सोय होती का, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि जेवणाची सुट्टी होते.